दाजींचं नाक

दूध करपल्याची गोष्ट ताईनं मला हसत हसत सांगितली होती आणि मीही ती हसत हसतच ऐकली होती. आता ती आठवली की हसू येत नाही.

"अरे, दूध गॅसवर ठेवलं आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले," ताई सांगत होती. "शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला. जिन्यात आले तोच वास. धावत खाली येते तर दूध आटून पातेल्याचा तळ काळाठिक्कर. आणि हे कुठं असावेत? तिथंच, शेगडीपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत! म्हटलं, आता आपली धडगत नाही. तर मान वर करून म्हणतात कसे, 'जाऊ दे गं, होतं असं.' मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरले."

'हे' म्हणजे ताईचे यजमान, माझे दाजी. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'जाऊ दे' हे शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. कांदा जरा जास्त परतला गेला की अंगणातून आवाज यायचा, "लाल झाला, उतरव!" धुतलेल्या चादरीला साबणाचा वास राहिला की ती पुन्हा बादलीत. मी सर्दी घेऊन त्यांच्याकडे गेलो तर दारातूनच म्हणायचे, "तुला उद्या ताप येणार, घरी जा." आणि यायचा, हा त्यातला खरा वैताग.

दाजी जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. ज्या गाड्यांचे कारखाने कधीच बंद पडले, ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ज्या वर्षातून दोनदा चादरीखालून बाहेर निघतात, अशा गाड्या त्यांच्याकडे यायच्या. लोक त्यांना 'नाकवाले' म्हणत. त्यांची पद्धतच तशी होती. बॉनेट उघडायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचा. मग सांगायचे. कॉइल तापतेय. क्लच जळालाय. पेट्रोल वर्षभर जुनं आहे. मागच्या सीटखाली उंदीर मेलाय, गाडीशी त्याचा काही संबंध नाही, पण काढा. एवढं झाल्यावरच हात पाठीमागून पुढे यायचे.

आणि एक नियम होता. दाजी वास घेत असताना कुणी बोलायचं नाही. एकदा मी तिथं उभा असताना सहज म्हणून गेलो, "काहीतरी जळल्यासारखं वाटतंय." दाजींनी डोळे न उघडता मला रस्त्यावर नेऊन उभं करायला सांगितलं. गिऱ्हाइकानं खरोखर नेलं. मी अर्धा तास उन्हात उभा. "तुझं नाक चष्मा ठेवायला आहे," नंतर ते म्हणाले, "माझं कामाला आहे."

राग यायचा, पण कुणी उलटून बोलायचं नाही, कारण त्या नाकानं माणसं वाचवली होती. एक कुटुंब नुसता रस्ता विचारायला वर्कशॉपपाशी थांबलं होतं. दाजी खिडकीपर्यंत गेले, थबकले, आणि गाडीसमोर आडवे उभे राहिले. "चाकावर ब्रेकऑइल गळतंय. घाट उतरायच्या आधी ब्रेक जाईल. उतरा सगळे." तो गृहस्थ भांडायला उठला. चाक काढल्यावर गप्प झाला. तेव्हापासून दाजींसमोर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवणं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

गेल्या थंडीत दाजी दहा दिवस तापानं अंथरुणाला खिळले. उठले ते बदलून उठले. भाजीवर शेरा नाही, चादरीवर नाही, माझ्यावर तर नाहीच. ताईला वाटलं, आजारपणानं माणसाला माया आली. ती घरात गुणगुणत फिरायला लागली. कित्येक वर्षांनी केसांना ते सुगंधी तेल लावायला लागली. "या वयात काय गं हे नटणं?" मी चिडवलं तर चक्क लाजली. मला बरं वाटलं. बहीण सुखात आहे म्हटल्यावर मी आणखी काय शोधायला जाणार होतो?

खरं तर शोधायला मीच जायला हवं होतं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना समोरच्या फलकावरची अक्षरं वाचायला लावतो, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण निम्मे म्हातारे मला फसवायला बघतात. आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून ते सगळा फलक पाठ करून टाकतात. मग खुर्चीत बसले की घडाघडा म्हणतात. अशी माणसं मी ताबडतोब ओळखतो. ती अक्षराकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. मी फलक बदलतो आणि बिंग फुटतं. हे रोजचं काम करणाऱ्या माझ्या डोळ्यांसमोर घरचा माणूस आठ महिने फलक पाठ म्हणत होता आणि मला कळलं नाही.

दिसत मात्र होतं. एकदा दुपारी मी वर्कशॉपवर गेलो तर दाजी माझ्याकडे पाठ करून एका पेट्रोलच्या डब्यात नाक घालून उभे होते. लांब श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला. मला पाहिल्यावर झाकण घाईघाईनं लावलं. "पेट्रोलमध्ये भेसळ वाटतेय," म्हणाले. मी मान डोलावली.

आणि पहाटेचा चहा. लग्नापासून सकाळचा पहिला चहा दाजीच करतात. ताई उठायच्या आत, थंडी म्हणून खिडकी बंद, लायटरची टकटक आवडत नाही म्हणून काड्यापेटी. अंधारात उठायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि काडी ओढायची. त्या काडीचा मी तेव्हा एकदाही विचार केला नाही.

मग मोठ्या बाईंची गाडी आली. आली म्हणजे ती येण्यासारखी नव्हतीच, दाजींनाच तिच्याकडे जावं लागलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, उरलेल्या अर्ध्याला बाकावर उभं केलंय. त्यांच्या यजमानांची एक गर्द हिरवी गाडी होती, गोल दिव्यांची, स्टार्टरसाठी बटण असलेली. यजमान गेल्यावर ती वर्षातून दोनदा बाहेर निघायची. गेली तीन वर्षं तीही नाही. त्या डोळे तपासायला माझ्याकडे आल्या तेव्हा फलकाच्या चौथ्या ओळीवर थांबल्या आणि सरळ म्हणाल्या, "पुढचं दिसत नाही मला." पाठ करून बसण्यातल्या त्या नव्हत्या. मी सांगितलं, "बाई, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. आणि यापुढे गाडी चालवायची नाही."

"एकदा तरी?" त्यांनी विचारलं. "तलावापर्यंत. ह्यांनी मला तिथंच गाडी शिकवली होती."

मुख्याध्यापिकेनं परवानगी मागितली तर कोण नाही म्हणणार? मी म्हटलं, "एकदा. दिवसाउजेडी. तेवढ्यापुरता चष्मा करून देतो." आणि गाडी सुरू करून द्यायला मीच दाजींचं नाव सांगितलं.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. बाईंच्या घरामागे लाकडी दारांचं लांबट गॅरेज, एक छोटी खिडकी, वर पत्रा. बॅटरी तर मेलेलीच होती. दाजींनी नवी जोडली, बाईंना आत बसवलं. "सेल्फ मारा." बाईंनी बटण दाबलं. इंजिन फिरलं, कुरकुरलं, पण पकडलं नाही. दाजींनी टाकीचं झाकण काढलं, हात पाठीमागे बांधले आणि श्वास घेतला. बाई आणि मी श्वास रोखून बघत होतो.

"पेट्रोल ठीक आहे," दाजी म्हणाले.

मला मात्र जुन्या रंगाचा डबा उघडल्यासारखा वास येत होता. आंबूस, घशात बसणारा. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला होता. पण दाजी ठीक म्हणाले म्हटल्यावर ते ठीकच असणार. मी दुकानात निघून गेलो.

मंगळवारी दाजींनी करंट तपासला. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवला, ठिणगी निळी आणि ठणठणीत. ठिणगी पाडणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासले. गाडी ढिम्म. बुधवारी पेट्रोलची जाळी उघडली तर डिंकासारखा चिकट थर. तेव्हा कुठं त्यांनी कबूल केलं की पेट्रोल खराब आहे. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, नवं पेट्रोल भरलं. संध्याकाळी मला भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. मी चेष्टा केली, "काय नाकवाले, तीन दिवस लागले जुनं पेट्रोल ओळखायला?"

एरवी माझी खरडपट्टी निघाली असती. दाजी फक्त म्हणाले, "वय झालं रे." आणि पाय ओढत निघून गेले. माझ्या मनात काहीतरी खटकलं. त्या रात्री झोप नीट लागली नाही, पण कशामुळे ते उमगेना.

गुरुवारी दुपारी बाईंचा चष्मा तयार झाला. मी दुकान बंद करून तो द्यायला गेलो. वारा सुटला होता, रस्त्यावर धूळ उडत होती. बाईंच्या फाटकाची कडी काढली आणि मला पेट्रोलचा वास आला.

गॅरेज तिथून वीस पावलं लांब. दोन्ही दारं लावलेली. जसजसा जवळ गेलो तसा तो वास इतका दाट झाला की घशात उतरला, डोळे चुरचुरले. आतून दाजींचा आवाज येत होता. "बाई, मी म्हटलं की बटण दाबायचं. आधी नाही."

मी एक दार ओढून आत शिरलो. बॉनेटच्या टोकाला पेटता बल्ब लटकत होता. दाजी वाकून पेट्रोल पंपाची हातानं चालवायची छोटी दांडी वरखाली करत होते. बाई स्टिअरिंगमागे ताठ बसलेल्या, बोट बटणावर. आणि इंजिनखाली, काळ्या फरशीवर, चांगलं परातीएवढं ओलं चकाकत होतं.

"वरपर्यंत पेट्रोल येतच नाहीये," मान वर न करता दाजी म्हणाले. "साठ वेळा दांडी मारली. कार्बोरेटरची वाटी भरली की दांडी सैल पडते. ही अजून सैल पडत नाही, म्हणजे वाटी रिकामी. दार लाव ते, धूळ आत येतेय."

"दाजी, थांबा."

"दार लाव म्हणतो ना!"

"दाजी, इथं पेट्रोलचा..."

"मी काम करत असताना मध्ये बोलायचं नाही! किती वर्षं सांगतोय? बाहेर हो."

आणि मी, हे लिहिताना आजही मला लाज वाटते, मी खरोखर एक पाऊल मागे गेलो. बत्तीस वर्षांची सवय. नाकात पेट्रोल भरलेलं, समोर पेट्रोलचं थारोळं, आणि मी आज्ञाधारकपणे मागे सरलो. मग दाजी सरळ झाले, हात पुसले आणि म्हणाले, "हं, बाई..."

"बाई, बोट काढा!" मी असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "दोन्ही हात मांडीवर! कशाला हात लावू नका!"

बाईंनी आधी दाजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो एक क्षण मी कधीही विसरणार नाही, कारण त्या कुणाचं ऐकणार हे मला खरंच माहीत नव्हतं. मग त्यांचं बोट बटणावरून उठलं.

मी दोन्ही दारं सताड उघडली. बल्बचं बटण बंद करायचीही भीती वाटली, त्यातूनही ठिणगी पडते. बाईंना हाताला धरून बाहेर आणलं. दाजी मागोमाग लालबुंद होऊन अंगणात आले. "डोकं फिरलंय का तुझं? बाईंसमोर तमाशा करतोस?"

मी त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं, आत गेलो, इंजिनखालच्या ओल्यात बुडवलं आणि बाहेर येऊन त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हा कशाचा वास आहे, सांगा."

दाजींनी फडक्याकडे पाहिलं. ओलं होतं, रंग कळत नव्हता. मग त्यांनी गॅरेजच्या फरशीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. त्याच क्षणी मी ओळखलं. ती नजर मी रोज बघतो. बाकावर बसून फलक पाठ केलेल्या माणसाची नजर.

त्यांनी हात पाठीमागे बांधले. डोळे मिटले. नेहमीसारखा लांब श्वास घेतला. मी त्यांच्यासमोर हात लांब करून उभा होतो आणि मलाच गरगरायला लागलं होतं. दाजींनी डोळे उघडले.

"पाणी," ते म्हणाले. "सकाळी रेडिएटर भरताना सांडलं ते."

बाईंनी नाकावरचा रुमाल हळूच खाली घेतला. दाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग माझ्या हातातलं फडकं घेऊन बोटांत चोळलं. गार लागणारं, बघता बघता उडून जाणारं. जे नाकाला कळलं नव्हतं ते बोटांना कळलं. तिथल्या पायरीवर ते मटकन खाली बसले.

"तापापासून," ते म्हणाले. "उठलो त्या दिवसापासून काहीच येत नाही. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, आला तर येईल परत."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"काय सांगू? नाकवाल्याला नाक नाही म्हणून सांगू? रोज डबा उघडून बघत होतो रे. वाटायचं, आज येईल."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "मला कालपासून वास येत होता," त्या म्हणाल्या. "रात्री खोलीपर्यंत येत होता."

"मग बोलला का नाहीत बाई?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"हे नाकवाले असताना मी काय बोलणार?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

ज्या बाईंनी जन्मभर पोरांना चूक दिसली तर उभं राहून बोलायला शिकवलं, त्या रात्रभर पेट्रोलच्या वासात झोपल्या आणि बोलल्या नाहीत. मी तरी काय दिवे लावले होते? सोमवारी मला वास आला होता आणि मी गुपचूप दुकानात निघून गेलो होतो. मला दाजींचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या दोघांना जिवंत बसलेलं बघून रडूही आलं. मी तोंड फिरवून नाक पुसलं.

मग आम्ही गाडी ढकलत अंगणात आणली. भरपूर वेळ तशीच वाऱ्याला सोडली. फरशीवर माती टाकली. दाजींनी कार्बोरेटर पुन्हा उघडला आणि दोन मिनिटांत रोग सापडला. वाटी भरली की पेट्रोल अडवणारी एक बारीक सुई असते. नव्या पेट्रोलनं टाकीतला जुना डिंक सुटला होता आणि त्यानं ती सुई उघडी चिकटवून ठेवली होती. वाटी भरत होती, ओसंडत होती, आणि जादा पेट्रोल इंजिनमागच्या नळीतून खाली जात होतं. दांडी सैल पडणार कशी? साधा, रोजचा रोग. पूर्वीचे दाजी फाटकातूनच ओळखते.

सुई धुतली, बसवली, दांडी बारा वेळा मारली आणि ती सैल पडली. दाजी सरळ उभे राहिले, पण "सेल्फ मारा" म्हणाले नाहीत. माझ्याकडे वळले.

"काय वास येतोय?"

मी जवळ गेलो, वाकलो. "काही नाही. धूळ."

"नीट घे. डोळे मीट."

मी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. "काही नाही, दाजी."

तिसऱ्या वेळी बटण दाबल्यावर गाडी पकडली. धूर निघाला, खोकली, आणि मग एका सुरात चालायला लागली. नवा चष्मा लावून बाई तलावापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी शेजारी बसलो होतो. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मी पाहिलं नाही, रस्त्यावर लक्ष ठेवून होतो. दाजी फाटकापाशी उभे होते. एरवी गाडी सुरू झाली की छाती फुगवून उभे राहणारा माणूस, खाली बघत उभा होता.

घरी येताना वाटेत म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"का?"

"तिला वाटतं मी सुधारलो. आठ महिने खुशीत आहे ती. ते कशाला हिसकावून घ्यायचं?"

मी थांबलो. "दाजी, सकाळचा चहा कोण करतं?"

"मी."

"खिडकी बंद करून. काडी ओढून. रात्री गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं, नळी कुरतडली गेली, तर तुम्हाला कळेल? पलीकडच्या खोलीत ताई झोपलेली असते."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं. आठ महिने, रोज पहाटे. त्यांनी ते मोजलं असावं.

घरात शिरताच मला कळलं की भाजी खाली लागलीय. ताई खुशीत होती, झाली का गाडी सुरू, म्हणून विचारत होती. पानं वाढली. दाजींनी पहिला घास घेतला आणि सवयीनं म्हणाले, "वा, काय वास सुटलाय!" मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि घास तसाच राहिला.

"बघ," ताई मला म्हणाली. "आधी कधी ऐकलं होतंस हे?"

"मला वास येत नाही गं," दाजी म्हणाले.

"सर्दी झालीय का?"

"नाही. तापापासून. कसलाच येत नाही. आज बाईंकडे पेट्रोल सांडलं होतं, मला पाणी वाटलं. हा वेळेवर आला नसता तर मी आणि बाई दोघंही गेलो असतो."

ताईनं हातातला डाव खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक दिवस मागे जाताना मला दिसत होता. करपलेलं दूध. चादरी. रोजची भाजी.

"आणि माझ्या केसांच्या तेलाचं?" अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं. मी समोर बसलोय हे ती विसरली असावी. "त्या दिवशी मागून येऊन म्हणालात ना, लग्नात लावायचीस तेच तेल आहे का म्हणून. ते कसं कळलं?"

दाजींनी मान खाली घातली.

"खिडकीत बाटली दिसली होती," ते म्हणाले.

ताई उठली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली. फळीवरची काड्यापेटी उचलून आतल्या खोलीत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

"उद्यापासून सकाळचा चहा मी करीन," ती म्हणाली. खाली बसली आणि दाजींच्या पानात आणखी थोडी भाजी वाढली. "करपलीय आज. बोला ना काहीतरी."

दाजी खाली मान घालून ती भाजी खात राहिले.